टायपिंगच्या वर्गातला ड्रमवाला

मॅडम,

काही महिन्यांपूर्वी मी ड्रम विकत घेतले. घरात आणून मांडायचे नव्हेत, कॉम्प्युटरच्या आत वाजणारे. हे कुणाला सांगावं असा विचार करत होते. ऑफिसात सांगण्यासारखं कुणी नाही, आणि गावी आईला सांगितलं तर ती म्हणेल, चाळिशी आली, आता हे काय काढलं. मग तुमची आठवण झाली. खरं बोलायचं तर आठवण आधी झाली, ड्रम नंतर घेतले. तुम्ही गेलात त्याला सतरा-अठरा वर्षं होत आली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. तुमचं लाखांदूर काही फार लांब नव्हतं. भंडाऱ्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी परत येता येतं. पण नोकरी लागली, लग्न झालं, आणि जाऊ जाऊ म्हणता जायचं राहिलं. मग एक दिवस एसटीत तुमच्या वर्गातली एक जुनी मुलगी भेटली आणि तिनं खिडकीबाहेर पाहतच सांगितलं की मॅडम गेल्या, महिना झाला. मी पुढच्या स्टॉपला उतरणार होते, तशीच उतरले.

कॉम्प्युटरमधले ड्रम म्हणजे काय ते आधी सांगते, कारण यंत्र कसं चालतं ते कळल्याशिवाय तुम्ही पुढचं ऐकून घेत नव्हता. पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला कळांवर बोटंही ठेवू दिली नव्हती. मशीनचं वरचं झाकण काढून आतलं दाखवलं होतं, ही कळ दाबली की हा दांडा उठतो, तो रिबनवर आपटतो, मग कागदावर अक्षर. तसंच समजा. कुठल्या तरी देशात एका खोलीत एक माणूस खरे ड्रम घेऊन बसतो. प्रत्येक ड्रम तो हळू वाजवतो, जरा जोरात वाजवतो, खूप जोरात वाजवतो, आणि त्याचा प्रत्येक ठोका वेगळा रेकॉर्ड करून ठेवतात. असे हजारो ठोके एका सॉफ्टवेअरमध्ये भरून विकतात. आपण इकडं कळ दाबली की त्या माणसाचा ठोका वाजतो. कुठला ठोका कुठं टाकायचा ते आपण ठरवायचं. म्हणजे टाईपरायटरच, फक्त अक्षरांच्या जागी ठोके.

आणि ते मला कशाला हवे, तर गाण्यासाठी. माझा नवरा तुम्ही पाहिला नाही. तो नाकाडोंगरीचा, आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवतो. पॉलिटेक्निकला असताना होस्टेलात गिटार शिकला आणि मग ती त्यानं सोडलीच नाही. लग्नानंतर त्याच्या सामानात ती काळी गिटार पाहून माझ्या मामानं विचारलं होतं, "हे कायले?" तो म्हणाला, "वाजवाले." एवढंच. पण त्या उत्तरावरून मला हा माणूस बरा वाटला होता. आता काही वर्षांपासून रविवारी दुपारी आम्ही दोघं गाणी करतो. तो वाजवतो, मी म्हणते, शब्द माझे असतात, आपल्याच बोलीतले. गिटार मात्र रॉकची, खरखरीत, दात-ओठ खाणारी. आम्ही भंडाऱ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालकांचा पवनीच्या साड्यांचा व्यापार, त्यांची म्हातारी आई दुपारी झोपलेली असते. तिथं खरे ड्रम आणणं शक्यच नव्हतं. आणि ड्रम नसले की आमचं गाणं एखाद्या माणसानं मोजे न घालता बूट घातल्यासारखं वाटायचं, चालता येतं पण टोचत राहतं.

पण मी ड्रम पहिल्यांदा ऐकले ते तुमच्या वर्गात, मॅडम.

जिल्हा तुटून दोन-तीन वर्षं झाली होती. गोंदिया वेगळा झाला तरी तुमच्या भिंतीवरच्या नकाशात भंडारा अजून मोठाच होता. कुणी म्हटलं की नकाशा बदला, तर तुम्ही म्हणायच्या, "राहू दे. कागदावर तरी मोठा राहू दे." मी एकोणीस वर्षांची. बारावीनंतर दोन वर्षं घरी, धानाच्या रोवण्याला आणि कापणीला जाणं, बाकी वेळ पाहुण्यांसमोर चहा नेणं. टायपिंगची परीक्षा पास झाली की सरकारी नोकरीचा अर्ज करता येतो, असं बाबांना कुणी तरी सांगितलं आणि मला एसटीचा पास मिळाला. खताच्या दुकानाच्या वर तुमची लांबट खोली, खिडकीखाली बारा मशीन, आणि टेबलावर तुमचा टेपरेकॉर्डर. महिनाभर आम्ही नुसते ए एस डी एफ बडवत होतो. मग एक दिवस तुम्ही पुठ्ठ्याच्या टोप्या आणल्या आणि कळांवर घातल्या. बोटं दिसेनात. तुम्ही म्हणालात, "आता डोळ्यानं नाही, कानानं. सारखा दाब, सारखी चाल. एक अक्षर धावलं आन् एक लंगडलं तं पेपर तपासणारा हातात घेऊनच फेकते." आणि तुम्ही टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

आधी खरखर. मग एका मुलाचा आवाज, हसू दाबल्यासारखा: एक, दोन, एक-दोन-तीन-चार. त्याच्यासोबत काड्यांवर काड्या. आणि चारनंतर ते सुरू झालं. मी तोवर लग्नातला बँड ऐकला होता, दंडारीच्या खेळातला ढोल ऐकला होता, पण हे तसं नव्हतं. कुठल्या तरी मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये एक गिटार, आणि तिच्या खाली पाय रोवून उभा असलेला तो ठोका. गाणारं कुणी नव्हतं. मागं कुणी तरी नुसतं गुणगुणत होतं. आम्ही बाराजणी त्या ठोक्यावर टाईप करायला लागलो. याला रॉक म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, हा टायपिंगसाठीच काढलेला बाजा असेल. सहा महिने, रविवार सोडून रोज, मी त्या मुलाच्या 'चार'वर पहिलं अक्षर मारत होते. आजही ऑफिसात टाईप करायला बसले की आत कुणी तरी चारपर्यंत मोजतं.

माझा कान तेव्हा फार चांगला होता, किंवा मला तसा गर्व होता. त्या गाण्यात मध्ये एक जागा होती. सगळं एकदम थांबायचं, श्वास घेण्याइतका वेळ काही नाही, आणि मग सगळे पुन्हा एकत्र सुरू व्हायचे. तिथं ड्रमवाल्याचा ठोका जागा सोडायचा. केसाएवढाच, पण रोज त्याच ठिकाणी. आणि रोज त्याच ठिकाणी माझी ओळ बिघडायची, एक अक्षर चढायचं नाही तर गळायचं. परीक्षेला पंधरा-वीस दिवस राहिले होते. मी वैतागले होते. एका सकाळी मी भर वर्गात हात थांबवला आणि म्हटलं, "मॅडम, हा कॅसेटवाला चुकून राहिला. रोज तेथंच चुकते. याच्यापायी माझी स्पीड जाते. दुसरी लावा ना."

अकरा मशीन थांबल्या. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. तुम्ही माझ्या टेबलाजवळ आलात, माझ्या कागदावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "दुसऱ्याची चूक आयकाले आली का आपली पाहाले? आपलं काम पाय." मला वाटलं, मी उलट बोलले म्हणून रागावल्या. दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर टेबलावर नव्हता. तुम्ही लाकडी फूटपट्टी घेऊन टेबलावर ठोके देत उभ्या होता. तुमचा ठोका अगदी बरोबर होता. एकदाही चुकला नाही. पण वर्गातला वारा गेल्यासारखं झालं, आणि आठवड्याभरात मलाच करमेना.

सहाची गाडी आली नाही तो दिवस तुम्हाला आठवत असेल का? बाकीच्या मुली गेल्या होत्या. मी खाली स्टँडवर तासभर उभी राहून परत वर आले. तुम्ही मागच्या बाजूच्या लहान खोलीत स्टोव्हवर तेल ठेवलं होतं. लाखोळीच्या डाळीचे वडे. मला म्हणालात, "उभी काहून? बस. येईन दुसरी गाडी." मी पाटावर बसते. स्टोव्हचा आवाज, तेलाचा वास, खिडकीतून खताच्या पोत्यांचा दर्प. तुम्ही पाठमोऱ्या आहात, वडे उलटताय. आणि मी, एवढ्या दिवसांत मनात साठलेलं, विचारते, "मॅडम, ते कॅसेट आता काहून नाही लावत तुम्ही?"

"तूच तं म्हणली होती, चुकते म्हणून."

"मी तं असंच म्हणली. लावा ना. पट्टीवर जमतच नाही मले."

तुम्ही झाऱ्यानं वडे काढले, निथळले, ताटलीत ठेवले. मग म्हणालात, "असंच नाही म्हणली तू. बरोबर म्हणली. तेथं चुकतेच तो." थोड्या वेळानं, "लहान भाऊ होय माह्या."

मला आधी आनंदच झाला, काय मूर्ख होते मी. मी म्हटलं, "तुमचे भाऊ वाजवते ते? मंग आता कोठं असते ते?"

तुम्ही स्टोव्ह बंद केला. तो आवाज बंद झाल्यावर खोली केवढी मोठी झाली. "नाही आता," तुम्ही म्हणालात. "काविळीनं गेला. नागपूरले, होस्टेलात. शेवटचं वर्ष होतं. कालेजच्या हालमध्ये चार पोरांनी मिळून वाजवलं होतं ते, त्याची ती एकच फीत. आठ वर्षं झाली, मी रोज आयकत होती. वर्गात कोणाले सांगलं नाही. पोरी त्याच्या हातावर टाईप करते, हे पाहून मले बरं वाटे."

तुम्ही माझ्यासमोर ताटली सरकवली आणि जे सांगितलं ते मी गेली वीसेक वर्षं सोबत घेऊन फिरते आहे. तुम्ही म्हणालात, "मले त्याची चूक कधी आयकूच नाही आली. हजार वेळा आयकलं असन. तू म्हणली तं मले राग आला. मंग घरी जाऊन लावली. तं आयकू आली. आता लावली का मी त्या जागेचीच वाट पाहतो. बाकी त्याचं काहीच आयकू येत नाही." मग तुम्ही मला म्हणालात, "खा, गरम आहेत."

मी वडे खाल्ले, मॅडम. तीन खाल्ले. माफी मागितली नाही. कशी मागायची ते मला कळलं नाही, आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. पुढं परीक्षा झाली, मी पास झाले, पेढे घेऊन आले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि माझा निकालाचा कागद उजेडात धरून पाहिलात, जणू त्यावरही दाब सारखा पडला आहे की नाही ते तपासत होता. ती आपली शेवटची भेट.

तर या वर्षी ड्रम घ्यायचे ठरले तेव्हा नवऱ्यानं वहीत यादी केली. पहिलं फुकटचं होतं. त्यात प्रत्येक ड्रमचा एकच ठोका भरलेला. भराभर वाजवलं की पत्र्यावर एकाच मापाच्या गारा पडल्यासारखं व्हायचं. मी नाक मुरडलं तर तो म्हणाला, "फुकटात आणखी काय पाहिजे तुले?" दुसरं फार नावाजलेलं, दहा दिवस वापरून पाहायला मिळत होतं. ते मोबाईलच्या नेटवर उतरायलाच दोन दिवस लागले. आमचा लॅपटॉप जुना, ते सुरू केलं की त्याचा पंखा घरघरायचा आणि मधले ठोके गळायचे. जे ऐकू यायचं ते मात्र भारी होतं, इतकं चकचकीत की आमची गिटार त्याच्यापुढं माहेरच्या लुगड्यात आलेल्या बाईसारखी अवघडून उभी राहायची. आणि किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. तिसऱ्यात तयार ताल होते. उचलायचे आणि गाण्याखाली मांडायचे. नवऱ्याला ते पसंत होतं. "हे घेऊन टाकू. स्वस्त आहे, मेहनत नाही." त्यात एक बटणही होतं, ते दाबलं की ताल माणसानं वाजवल्यासारखा होतो म्हणे. मी दाबून पाहिलं. ठोके जरा जरा हलले, पण कुठलेही, कसेही. मी त्याला म्हटलं, "माणूस असा नाही चुकत. माणूस एकाच जागी चुकते, रोज."

मग मी त्याला तुमच्या वर्गाबद्दल सांगितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तेव्हा पहिल्यांदा. वड्यांपर्यंत सगळं सांगितलं. तो बराच वेळ गिटारची एकच तार पिळत बसला आणि म्हणाला, "ती फीत असन अजून कोठं तरी. पाहून येशील?"

म्हणून मी लाखांदूरला गेले. मला वाटत होतं, एकदा ते ऐकलं की कुठले ड्रम घ्यायचे ते मला आपोआप कळेल. खताचं दुकान अजून आहे. वरची तुमची खोली बंद, दाराला मोबाईल रिचार्जच्या जाहिराती चिकटवलेल्या. तुमच्या मोठ्या भावाचं घर विचारत विचारत गेले. तुमच्या वहिनी अंगणात बसल्या होत्या, आता दिसायला कमी आलं आहे त्यांना.

"कोण होय?"

"मी मॅडमच्या वर्गात होती, काकू. टायपिंगच्या."

"लय पोरी होत्या बापा. बस." त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. तुमच्याबद्दल बोलल्या. शेवटी शेवटी तुम्हाला अन्न जात नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मग मी कॅसेटचं विचारलं.

"फिती? पेटीभर होत्या ना. बाई गेल्यावर पडून होत्या फडताळात. मंग एका साली धान निसवला तं पाखरं लय पडून राहिले होते. आमच्या ह्यायनं त्या फिती उकलल्या आन् बांधीवर ताणल्या, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. हवा सुटली का भुंगभुंग वाजत. एक पाखरू बसलं नाही." मग त्यांनी समाधानानं सांगितलं, "कामी आल्या."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दाणे भरतानाचं धान पाखरांनी खाल्लं तर घरात काय येणार. मी विचारलं, बांधी कुठली? त्यांनी हात करून दाखवलं, घरामागचंच धानाचं शेत. मी गेले. धान केव्हाच निघालं होतं. कापलेल्या खुंटांमध्ये लाखोळी उगवून आली होती, निळी फुलं आली होती. मी शेताच्या धुऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. काहीच नव्हतं, आणि पंधरा वर्षांनंतर असणार तरी काय. वारा होता. मी उगीच कान देऊन उभी राहिले. मला त्या मुलाचा 'एक, दोन' ऐकायचा होता, तुमच्या खोलीतल्या अकरा मशीन ऐकायच्या होत्या, तुमच्या चपलेचा आवाज दोन टेबलांच्या मधून येताना ऐकायचा होता. आता हे सगळं जगात फक्त माझ्याजवळ आहे, आणि माझं काही खरं नाही.

परत येऊन मी यादीतलं चौथं घेतलं. नवऱ्यानं ते सगळ्यात खाली लिहिलं होतं, कारण त्यात एकच ड्रमसेट होता आणि बनवणारे कुणी फार नावाचे नव्हते. पण ते साध्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेलं आहे. हेडफोन लावून डोळे मिटले तर पायाच्या पॅडलची किंचित कुरकुर ऐकू येते. प्रत्येक ठोक्याचे आठ-दहा प्रकार आहेत, त्यामुळं गारा पडत नाहीत. आमच्या लॅपटॉपला झेपतं, आम्हाला परवडतं. त्यात एक पट्टी आहे, ती वर सरकवली की ड्रमपासून लांब ठेवलेल्या माईकचा आवाज वाढतो आणि सगळं रिकाम्या हॉलमध्ये वाजल्यासारखं होतं. मी ती पूर्ण वर नेली. नवरा म्हणाला, "गढूळ होऊन राहिलं." मी म्हटलं, "गढूळच पाहिजे."

वाजवताना मात्र फजिती झाली. कॉम्प्युटरच्या कळांना जोर कळत नाही, हळू दाबा की जोरात, ठोका एकच. तुमच्या मशीनना कळायचा. माझ्या करंगळीचा 'ए' नेहमी फिका यायचा आणि तुम्ही त्याला लाल गोल करायच्या. म्हणून दाब ओळखणाऱ्या रबरी गाद्यांचा एक लहानसा पाट घेतला, बोटांनी वाजवायचा. तर त्याच्यावरही माझे सगळे ठोके सारखे. नवरा हसून लोळायचा बाकी राहिला. "ड्रम नाही वाजवून राहिली तू, अर्ज टाईप करून राहिली." तुम्ही दिलेला हात मोडायला मला महिना लागला, मॅडम, आणि मोडताना बरं वाटत नव्हतं. करंगळीला पुन्हा हळू पडायला शिकवलं. कुठं जोर, कुठं नुसता स्पर्श, असं करत करत गाणं जमत आलं.

आमच्या गाण्यातही मी मध्ये एक थांबा ठेवला. आणि थांब्यानंतरचा पहिला ठोका माऊसनं धरून केसभर सरकवला. नवऱ्यानं गिटार वाजवून पाहिली आणि लगेच थांबला. "येथं ड्रम चुकला. सरळ करू?" मी म्हटलं, "राहू दे." "पण गिटार अडखळते ना माझी." "अडखळू दे." तो चिडला. दोन रविवार तो त्या जागेपाशी येऊन चडफडत होता, त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं, आणि मला तुम्ही स्टोव्हपाशी पाठमोऱ्या दिसत होता. तिसऱ्या रविवारी मी चहा ठेवायला आत गेले होते आणि तो एकटाच वाजवत होता. थांबा आला. मी गाळणी हातात धरून थांबले. थांब्यानंतर तो बरोबर त्या ठोक्यासोबत आला, न अडखळता, जणू ते गाणं जन्मापासून तसंच होतं. मी बाहेर येऊन विचारलं, "चूक काढली का तू?" तो म्हणाला, "नाही बा. आहे ना तेथंच. आयकू येते, पण आता खटकत नाही. आता ते सरळ केलं तं खटकन."

मी आत जाऊन चहा गाळला. तेवढंच तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं. मीच सांगायला हवं होतं. त्या दिवशी पाटावर बसून वडे खाण्याऐवजी म्हणायला हवं होतं की मॅडम, लावा, आणखी पन्नास वेळा लावा, मी बसते तुमच्यासोबत, ती जागा जाईल आणि तुमचा भाऊ परत ऐकू येईल. एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कसं कळणार, असं नवरा म्हणतो. तो मला बरं वाटावं म्हणून म्हणतो. पण तुम्ही त्यानंतर चार-पाच वर्षं होता आणि त्या वर्षांत ती कॅसेट पेटीतून निघालीच नसेल, हे मला माहीत आहे.

गाणं पूर्ण झालं आहे. आम्ही ते नेटवर टाकलं, ओळखीच्या दहा-पंधरा लोकांनी ऐकलं. घरमालकांच्या आईनं खालून विचारलं की वरात कुणाची होती. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, गाण्याच्या वहीतच राहील. तुमच्या वहिनींना वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं, पण त्यांना वाटेल मी फितींचा हिशोब मागायला आले, म्हणून नको.

एक मात्र सांगायचं आहे, ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं होतं, तो भाऊ थांब्यानंतर कसा यायचा, आणि मी ठामपणे सांगितलं की जरा लवकर, घाई झाल्यासारखा. त्याप्रमाणे मी ठोका डावीकडं सरकवला आणि मला अगदी तोच वाटला. मग एका दुपारी घरी कुणी नसताना मी तो उजवीकडं सरकवून पाहिला, उशिरा. तर तोही तोच वाटला. मी किती तरी वेळ इकडून तिकडं करत बसले. मॅडम, ज्या चुकीसाठी मी भर वर्गात बोलले, तो लवकर यायचा की उशिरा, हे मला आता आठवत नाही.